नव्या माशाला वेगळं ठेवावं का? खाऱ्या टँकमधल्या विलगीकरणाचा आढावा

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. मधून वाहणारी तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, उकाई आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी हद्दीच्या आतपर्यंत, पण हे सगळं गोडं. नंदुरबार, शहादा किंवा तळोद्यात ज्याला क्लाउनफिश पाळायचा असेल, त्याला समुद्र घरीच तयार करावा लागतो: आरओचं पाणी, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मरीन सॉल्ट, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. मासा येतो मुंबई-सुरतेच्या बाजारातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून. ही पिशवी घरी पोचली की पहिला निर्णय घ्यावा लागतो तो असा: मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडायचा, की काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा?

मरीन टँक ठेवणाऱ्यांमध्ये या प्रश्नावर कित्येक वर्षं वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत. बाहेरून आलेल्या जनावराबरोबर काय येऊ शकतं, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये बर्ड फ्लू निघाला. देशातल्या कोंबड्यांमधली ती पहिली नोंद. लाखो पक्षी मारावे लागले. 2021 च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. माशाच्या टँकमधलं नुकसान त्यापुढे किरकोळ. पण कळपात नवं जनावर मिसळण्यापूर्वी मधे किती अंतर ठेवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

रोगांची ओळख कशी झाली

खाऱ्या पाण्यातले मासे काचेआड ठेवायची सुरुवात युरोपात झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं सार्वजनिक मत्स्यालय 1853 चं. समुद्रात क्वचित दिसणारे आजार बंदिस्त पाण्यात मासे टिपून नेतात, हे अशा संग्रहांमध्येच हळूहळू लक्षात आलं. माशाच्या कल्ल्यांवर वाढणारा, शौकीन ज्याला आज ‘व्हेल्वेट’ म्हणतात तो परजीवी ब्राऊन यांनी 1931 मध्ये वर्णिला. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद जपानमध्ये सिकामा यांनी 1937 मध्ये केली आणि त्या जिवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव पुन्हा ब्राऊन यांनीच 1951 मध्ये दिलं. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. समुद्रातले मासे काचेपलीकडे पोहताना महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पहिल्यांदा पाहिले ते तिथे. पुढे 1958 मध्ये रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं. ते आज कोकण कृषी विद्यापीठाकडे असून त्याचं मत्स्यालय लोकांसाठी खुलं असतं.

या परजीवींचा सखोल अभ्यास मात्र शोभेच्या माशांसाठी झालेला नाही. पिंजऱ्यात खाण्याचे मासे वाढवणाऱ्यांचे कळपच्या कळप मरू लागले, तेव्हा संशोधनाला पैसा आणि माणसं मिळाली. इस्रायलमधल्या एलातचे अँजेलो कोलोर्नी यांनी पाण्याचा खारटपणा उतरवून रोग आटोक्यात आणण्याचा प्रयोग 1985 मध्ये प्रसिद्ध केला, तो सी ब्रीम या खाण्याच्या माशावरचा. रोगप्रतिकारशक्तीबद्दलचं नेहमी उद्धृत होणारं काम बर्जेस आणि मॅथ्यूज यांचं, तेही म्युलेटवरचं, म्हणजे आपल्या बोईच्या कुळातल्या माशावरचं. घरच्या टँकमध्ये पोहतात टँग, एंजल, बटरफ्लाय. एका माशावरचा निष्कर्ष दुसऱ्यावर किती लागू होतो, ही शंका या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्याला चिकटलेली आहे आणि ती सतत ध्यानात ठेवावी लागते.

परजीवीचं चक्र

वाद समजून घ्यायचा तर क्रिप्टोकॅरिऑनचं आयुष्य नीट पाहायला हवं, कारण प्रत्येक पक्ष आपला युक्तिवाद त्यातूनच काढतो. माशाच्या अंगावर जो पांढरा ठिपका दिसतो, तो त्वचेच्या आत शिरून पेशी खात वाढणारा एकपेशीय जीव. तिथे तो साधारण 3 ते 7 दिवस राहतो. त्वचेखाली असल्यामुळे या काळात पाण्यातल्या औषधाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. मग तो मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात, तळाशी काही तास सरपटतो आणि वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती पुटी बांधतो. पुटीच्या आत विभाजन होत राहतं आणि एका पुटीतून शेकडोपर्यंत नवे जीव बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतात. औषधाच्या तडाख्यात सापडण्याची त्यांची खरी वेळ हीच.

अवघड आहे ते पुटीचं वेळापत्रक. बऱ्याच पुट्या पहिल्या आठवड्यात फुटतात, काही महिनाभर थांबतात, आणि कोलोर्नी व बर्जेस यांच्या 1997 च्या आढाव्यात 72 दिवसांपर्यंतची नोंद आहे. रोग आला की सगळे मासे काढून टँक 76 दिवस पडीक ठेवायचा, हा शौकिनांमधला रूढ नियम त्या 72 दिवसांवरूनच आला.

ठिपके आपोआप जातात, तेव्हा मालकाला वाटतं मासा बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो. समुद्रात पाण्याला सीमा नसते, त्यामुळे पुटीतून निघालेल्यांपैकी फार थोड्यांना मासा सापडतो. दोनशे लिटरच्या टँकमध्ये मासा कायम हाताशी असतो आणि प्रत्येक फेरीत संख्या गुणाकाराने वाढते.

व्हेल्वेटचं चक्र असंच, पण कितीतरी वेगवान. एका पुटीतून 256 पर्यंत जीव निघतात, मुक्काम आधी कल्ल्यांत असतो, आणि अंगावर सोनेरी धूळ दिसेपर्यंत मासा धापा टाकायला लागलेला असतो. काही दिवसांत टँक रिकामा होतो. याशिवाय क्लाउनफिशवर हटकून दिसणारा ब्रुकलिनेला, जखमांमधून शिरणारा युरोनिमा आणि डोळ्या-कल्ल्यांवरचे चपटे कृमी आहेत. त्यांचे उपाय वेगवेगळे. ‘एक औषध, सगळे रोग’ असं जे दुकानात ऐकू येतं, त्याला आधार नाही.

तीन भूमिका

पहिली भूमिका कडक विलगीकरणाची. आलेला प्रत्येक मासा, मग तो कितीही तजेलदार दिसो, चार ते सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा आणि लक्षणं नसली तरी उपचार पूर्ण करायचे. या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा असा की कल्ल्यांत लपलेले थोडे परजीवी डोळ्यांनी दिसतच नाहीत. शिवाय मोठ्या टँकमध्ये रोग एकदा शिरला की तिथे औषध टाकता येत नाही, कारण औषध म्हणून वापरलं जाणारं तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारतं आणि दगड-वाळूत शोषलं जातं. जगभरच्या अनेक सार्वजनिक मत्स्यालयांत नवे मासे आधी विलगीकरणात ठेवण्याचीच रीत आहे.

दुसरी भूमिका निरीक्षणाची. वेगळं ठेवा, खायला शिकवा, पण लक्षण दिसल्याशिवाय औषध नको. पकडणं, पिशव्या, विमान, घाऊक विक्रेता, दुकान, पुन्हा पिशवी, असा प्रवास करून आलेल्या माशावर लगेच तांब्याचा मारा केला तर रोगाआधी उपचारच त्याला मारतील, असं हे लोक म्हणतात. मँडरिन आणि काही रास जातीच्या माशांच्या बाबतीत ही भीती रास्त आहे. ते तांब्याला नाजूक असतात, आणि मँडरिन तर जिवंत बारीक खाद्याशिवाय रिकाम्या टँकमध्ये उपाशी राहतो. नितळ काच आणि दोन पाइपचे तुकडे असलेल्या भांड्यात टँगसारखा फिरता मासा बिथरतो, हेही खोटं नाही.

तिसरी भूमिका व्यवस्थापनाची. या मंडळींच्या मते परजीवी पूर्णपणे बाहेर ठेवणं घरच्या टँकमध्ये शक्यच नाही, कारण एका ओल्या दगडावरून, जाळीवरून, गोगलगायीच्या शंखावरूनही पुटी येते. त्यापेक्षा माशाला उत्तम खाऊ घाला, भांडणं टाळा, अतिनील दिवा लावा, गर्दी करू नका. मासा थोडा संसर्ग पचवतो आणि प्रतिकारशक्ती कमावतो. याला शास्त्राचा आधार आहे: बर्जेस आणि मॅथ्यूज यांना 1995 च्या अभ्यासात संसर्गातून वाचलेल्या म्युलेटमध्ये काही महिने टिकणारं संरक्षण आढळलं. एकाच वंशाचा परजीवी बाहेरची भर न पडता पिढ्यान्‌पिढ्या वाढवला तर साधारण वर्षभरात तो क्षीण होतो, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण हा आधार मर्यादित आहे. संरक्षण हळूहळू ओसरतं, आणि संरक्षण मिळालेला मासा स्वतः निरोगी दिसत नव्या माशाला रोग देऊ शकतो. व्हेल्वेटपुढे तर ही भूमिका फारच दुबळी पडते, कारण प्रतिकारशक्ती कमवायला मासा जगायला हवा.

तिसऱ्या भूमिकेच्या आडोशाने दुकानांतून एक गैरसमजही विकला जातो, तो म्हणजे क्लीनर रास. हा छोटा मासा इतर माशांचे परजीवी खातो हे खरं. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियातल्या प्रवाळखडकांवर एक रास दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो असं मोजलं. पण ते प्रामुख्याने नॅथिइड नावाचे, अंगाला वरून चिकटणारे कवचधारी जीव होते. त्वचेच्या आत शिरलेला क्रिप्टोकॅरिऑन त्याच्या आवाक्याबाहेर आहे. उलट हा मासा टँकमध्ये बहुधा उपासमारीने मरतो.

उपायांवरचा वाद

विलगीकरण करायचं ठरलं तरी कसं करायचं, यावर एकमत नाही. सर्वांत जुना उपाय तांब्याचा. मुक्त तांबं लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात दोन ते चार आठवडे राखावं लागतं. खाली गेलं तर परजीवी वाचतो, वर गेलं तर मासा जातो. बांधलेल्या स्वरूपातलं तांबं थोडं सोसवतं, पण त्याची मात्रा साधारण दहा पटीने जास्त लागते आणि त्यासाठी मोजणीची पद्धतही वेगळी. दोन्हींची गल्लत केल्याने मासे मेल्याच्या तक्रारी शौकिनांमध्ये नेहमीच्या आहेत. विलगीकरणाच्या नव्या टँकमध्ये अमोनिया चढतो म्हणून अमोनिया उतरवणारं औषध टाकलं जातं, आणि त्यातल्या काही रसायनांशी संयोग होऊन तांबं अधिक विषारी होतं. या एका गोष्टीची सूचना प्रत्येक बाटलीवर ठळक असायला हवी.

खारटपणा उतरवण्याची पद्धत औषधाविना होते. विशिष्ट गुरुत्व 1.025 वरून 1.009 वर आणायचं आणि काही आठवडे तिथेच ठेवायचं. पुट्या नष्ट होतात, मासे तगतात. पण व्हेल्वेटवर याचा काही उपयोग नाही, तो जीव फार कमी खारटपणातही जगतो. आणि तैवानमध्ये 2003 मध्ये नोंदलेल्या क्रिप्टोकॅरिऑनच्या काही वाणांनी कमी खाऱ्या पाण्यातही रोग पसरवला होता. नेमका कोणता वाण आपल्या पिशवीत आला, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही.

तिसरी पद्धत टँक बदलण्याची. मासा दर 72 तासांनी पूर्ण कोरड्या केलेल्या दुसऱ्या भांड्यात, नव्या पाण्यात हलवायचा, चार वेळा. माशाला सोडून तळाशी गेलेला परजीवी मागे राहतो आणि पुटी फुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. बारा-तेरा दिवसांत, एक थेंब औषध न वापरता मासा मोकळा होतो. तर्काने ही पद्धत सर्वांत नेटकी, पण ती फक्त क्रिप्टोकॅरिऑनच्या वेळापत्रकावर बेतलेली आहे.

चौथा उपाय क्लोरोक्विन फॉस्फेट. व्हेल्वेटसाठी अनेकांचा त्यावर भरवसा आहे. मात्र शुद्धता, मुदत आणि पाण्यात ते किती दिवस टिकतं याची घरी मोजणी होत नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोविडला घाबरून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका जोडप्याने टँकमध्ये घालायचं हे रसायन खाल्लं आणि पुरुषाचा मृत्यू झाला. तेव्हापासून हे औषध घरात ठेवण्याबद्दलची चर्चा अधिक गंभीर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल चालतं, यावर फारसा वाद नाही.

खानदेशातल्या टँकचं गणित

हे सगळं वाङ्मय मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या परिस्थितीवर लिहिलेलं आहे. आपल्याकडे तीन गोष्टी वेगळ्या पडतात.

पहिली गोष्ट कायद्याची. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. म्हणजे कायद्याने वागणाऱ्याचा टँक बहुतांशी नुसत्या माशांचा असतो. प्रवाळांनी भरलेल्या परदेशी टँकमध्ये ‘तांबं टाकता येत नाही’ हा जो विलगीकरणाच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे, त्याची धार इथे थोडी बोथट होते. पूर्ण नाही, कारण दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर मोजमाप भरकटवतात. पण नंदुरबारच्या शौकिनाने परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलण्याआधी हा फरक जोखावा.

दुसरी गोष्ट पाणी आणि मिठाची. वीस लिटरच्या भांड्यात टँक बदलण्याची पद्धत वापरली, तर चार वेळा भरायला 80 लिटर पाणी लागतं. लिटरला 35 ग्रॅम धरलं तर 2.8 किलो मीठ, तेही आयात केलेलं, आणि तितकं आरओचं पाणी काढताना वाया जाणारं पाणी वेगळं. मुंबईच्या किनाऱ्यालगतचा माणूस समुद्राचं पाणी आणण्याचा विचार करू शकतो, जरी त्यातूनही रोग येण्याचा धोका आहे. आपल्याला तो पर्यायच नाही. याउलट खारटपणा उतरवण्याच्या पद्धतीत मीठ कमी लागतं. समुद्रापासून दूर राहणाऱ्यासाठी ती खर्चाने स्वस्त आणि रिफ्रॅक्टोमीटर नीट जुळवलेला असेल तर आटोक्यातली आहे.

तिसरी गोष्ट उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर गेला आणि वीज गेली की छोट्या भांड्यातलं पाणी मोठ्या टँकपेक्षा फार लवकर तापतं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी, परजीवीचं चक्र जलद, आणि कल्ले आधीच खराब झालेला मासा. तांब्याचा उपचार अशा दिवसांत करणं मला धोक्याचं वाटतं. नवे मासे दिवाळीनंतर आणावेत आणि होळीपूर्वी विलगीकरण संपवावं, हा या हवामानाला साजेसा सल्ला आहे. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र बाराही महिने हाताशी हवा.

यात आणखी एक उणीव भर घालते. पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या पाहतात. माशाच्या कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून निदान करणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळणं कठीण. मग ठिपके पाहून अंदाज, आणि अंदाजावर औषध. साधा शाळेतला सूक्ष्मदर्शक घेऊन हे शिकता येतं. तांब्याच्या एखाद्या महागड्या बाटलीपेक्षा तो खर्च मला अधिक उपयोगाचा वाटतो.

विलगीकरण कोणी करायचं?

वरच्या तिन्ही भूमिका एक गोष्ट गृहीत धरतात: जबाबदारी शेवटच्या माणसाची. मासा पकडणारा, निर्यात करणारा, घाऊक विकणारा आणि दुकानदार, या सगळ्यांच्या हातून गेल्यावर निदान आणि उपचाराचा भार ज्याच्याकडे साधनं सर्वांत कमी, त्याच्यावर येतो. अनेक दुकानांत सगळ्या टँकचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. म्हणजे एका माशाचा रोग सर्वांचा होतो, आणि तिथे वाचलेल्या दुसऱ्या माशाला घेऊन गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर दूर जातं.

साखळीच्या वरच्या टोकाला काम केलं तर काय होतं, याचं आपल्याच देशात उदाहरण आहे. 1994 च्या सुमारास विषाणूजन्य ‘व्हाइट स्पॉट’ रोगाने भारतातली कोळंबी शेती कोलमडली. पुढे 2009 मध्ये परदेशी व्हॅनामेई कोळंबी आणायला परवानगी मिळाली ती अट घालूनच: रोगमुक्त जनक कोळंबी, आणि तीही आधी चेन्नईच्या नीलांकरैमधल्या विलगीकरण केंद्रातून तपासून. व्हॅनामेईचा व्यवसाय त्यानंतर फोफावला. रोग संपले असं नाही, पण जनक साठ्याबरोबर रोग आयात होण्याची एक मोठी वाट अरुंद झाली. शोभेच्या माशांच्या आयातीसाठीही केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यात आरोग्य प्रमाणपत्र व विलगीकरण अपेक्षित आहे. मात्र ते देशाच्या दारापुरतं. विमानतळापासून शहाद्यापर्यंत मधे जे दहा टँक लागतात, त्यांना ते लागू होत नाही.

दुसरी आशा प्रजननाची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या अनेक जाती बंदिस्त पाण्यात वाढवल्या. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटावर स्थानिक महिला हे काम करतात. महाराष्ट्रात ऐरोलीच्या खाडीकाठी कांदळवन कक्षाच्या पुढाकाराने शोभेच्या सागरी माशांची हॅचरी सुरू झाली. हॅचरीतला मासा समुद्रातून पकडल्याचा ताण सोसून आलेला नसतो, गोळी खाद्य खातो, आणि निघताना बहुधा स्वच्छ असतो. पण तोच मासा दुकानाच्या सामाईक पाण्यात दोन दिवस राहिला तर त्याचा हा फायदा संपतो. त्यामुळे हॅचरीतून थेट गिऱ्हाइकाकडे पोचवण्याची सोय झाली, तर निरीक्षणापुरतं विलगीकरण पुरेल. ती होईपर्यंत हॅचरीच्या माशालाही मी पूर्ण मुदत वेगळा ठेवण्याच्या बाजूचा आहे.

काय अजून सुटलेलं नाही

टँक पडीक किती दिवस ठेवायचा, यावर अलीकडे पुन्हा चर्चा सुरू झाली आहे. 76 दिवसांचा नियम एका टोकाच्या नोंदीवर उभा आहे. पाणी 27 अंशांच्या वर असेल तर सहा-सात आठवडे पुरतात असं काही अनुभवी लोक मांडतात. आपल्याकडे पाणी बहुतेक वर्षभर त्याहून गरम असल्यामुळे हा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. पण थंड पाण्यात पुट्या काही महिने सुप्त राहून नंतर फुटल्याचे प्रयोगही आहेत. वाळूच्या खोल थरात, ऑक्सिजन कमी असलेल्या जागी घरच्या टँकमध्ये नेमकं काय होतं, याचं मोजमाप फार कमी झालं आहे.

पाण्याच्या नमुन्यातून परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या परदेशात शौकिनांपर्यंत पोचू लागल्या आहेत. त्या इथे परवडणाऱ्या झाल्या, तर ‘औषध द्यावं की पाहत राहावं’ हा पहिल्या दोन पक्षांमधला वाद बराचसा मावळेल, कारण तो मुळात दिसत नसलेल्या परजीवीबद्दल आहे. तिसऱ्या पक्षाशी असलेला वाद त्याने मिटणार नाही. थोडा परजीवी टँकमध्ये असू द्यावा की नाही, याचं उत्तर चाचणी देत नाही. माशाला विलगीकरणाचा त्रास जास्त होतो की संसर्गाचा, हेही टँगपासून गोबीपर्यंत जातीजातीनुसार तपासायला हवं आणि ते काम जवळजवळ अस्पर्श आहे.

आणि किमतीचा प्रश्न आहे. महिनाभर वेगळा ठेवून, खायला शिकवून, तपासून विकलेला मासा दुकानात महागच पडणार. अमेरिकेत असे आधीच विलगीकरण केलेले मासे जास्त पैसे मोजून घेणारं गिऱ्हाईक तयार झालं आहे. मुंबई-सुरतेच्या बाजारात ते तयार होईल का, हे दुकानदारापेक्षा घेणाऱ्यांवर अवलंबून आहे. घेणाऱ्याने निदान एवढं तरी आधी विचारावं: हा मासा दुकानात किती दिवसांपासून आहे, त्याचं पाणी बाकीच्या टँकमध्ये जातं का, आणि माझ्यासमोर तो खातो का.